माहुलीचा कौल : शहाजीराजांच्या चाकरीपालटाविषयीं कांहीं विचार

ठाण्याच्या उत्तरेस उल्हास नदीच्या खाडीवर कोलशेत हें गांव आहे. निवृत्तीनंतर आमचा मुक्काम तेथेंच असतो. ह्या खाडीचें पाणी कोठून येतें ह्याचा माग काढीत गेल्यास कल्याणच्या वर काळू नदी लागते, काळूस भातसा मिळते आणि भातसेच्या खोऱ्यांतून उत्तरेस पाहिलें म्हणजे शहापूर तालुक्यांतील माहुलीचा प्रचंड डोंगर दृष्टीस पडतो. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन जोडकिल्ल्यांचा हा गड इ. स. १६३६ मध्यें एका मोठ्या प्रसंगाचा साक्षी झाला. त्या प्रसंगाचें वर्णन आजपर्यंत बहुधा निजामशाहीचा शेवट म्हणूनच केलें गेलें आहे. तो शेवट होता ह्यांत संशय नाहीं. परंतु तोच प्रसंग एका चाकरी गेलेल्या पुरुषाच्या बाजूनें पाहिला असतां कांहीं निराळें दिसतें, तें ह्या लेखांत मांडण्याचा विचार आहे.

लेखाचें निमित्त लहान आहे, तरी तें सांगतों. कोलशेतच्या रस्त्यावर एके काळीं रसायनांचे व औषधांचे मोठमोठे कारखाने होते. ते एकामागून एक बंद झाले व त्यांच्या जागीं तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका कारखान्यांत अठ्ठावीस वर्षें हिशेबाचें काम केलेले एक गृहस्थ आमच्या शेजारीं राहतात. कारखाना गेल्यावर त्यांनीं दुसऱ्या चाकरीसाठीं पुष्कळ उंबरे झिजविले. संध्याकाळीं ते आमच्याकडे येऊन बसत. एके दिवशीं आमच्या मेजावरील पुस्तकें चाळीत ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या इतिहासांतल्या लोकांचें बरें होतें. एका दरबारीं रुसले कीं दुसऱ्या दरबारीं पंचहजारी तयार. आम्हांला कोणी दारांत उभें करीत नाहीं.” हें बोलणें गमतीचें होतें, परंतु तें आमच्या मनांत रुतून बसलें, कारण हाच समज इतिहास लिहिणाऱ्या चांगल्या चांगल्या लेखकांचाही आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मराठे सरदार आज इकडे तर उद्यां तिकडे असे चंचल होते व त्यांत शहाजीराजे सर्वांत चंचल, असा आरोप वारंवार वाचावयास मिळतो. आरोप करणारे मात्र धनी बदलणें म्हणजे प्रत्यक्षांत काय करावें लागत असे ह्याचा विचार करीत नाहींत.

आरोपाचा तपशील असा. शहाजीराजे मालोजींच्या मागें निजामशाहींत वाढले. १६२४ मध्यें भातवडीची लढाई झाली, मलिकंबरानें मोंगल व आदिलशहा ह्यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला आणि त्या लढाईंत शहाजींचे बंधु शरीफजी पडले. त्यानंतर लौकरच शहाजी निजामशाही सोडून इब्राहीम आदिलशहाकडे गेले. १६२८ च्या सुमारास ते परत निजामशाहींत आले. १६३० मध्यें ते मोंगलांकडे गेले. १६३२ मध्यें मोंगलांस सोडून विजापूरच्या पक्षास मिळाले. १६३३ पासून तीन वर्षें त्यांनीं निजामशाही वंशांतील एक मूल गादीवर बसवून स्वतः कारभार केला, आणि १६३६ मध्यें माहुलीहून उतरून ते पुन्हा आदिलशाहींत शिरले. बारा वर्षांत इतके पालट! यादी वाचतांना माणूस चंचल दिसतो खरा. परंतु यादी ही नेहमींच अन्यायी असते. तींत जाण्याचें साल असतें, जाण्याची किंमत नसते.

तेव्हां प्रथम चाकरी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. त्या काळीं मोठ्या सरदारास रोख मुशारा क्वचितच मिळे. त्याच्या फौजेच्या खर्चासाठीं मुलूख लावून दिलेला असे. त्यास जहागीर, मोकासा किंवा पुढील काळच्या भाषेंत सरंजाम म्हणत. हा मुलूख धन्याच्या राज्यांत असे. धनी सोडला कीं मुलूख सुटला. मुलूख सुटला तरी घोडीं दाणा मागत आणि शिपाई रोजमुरा मागत. सरदार एकटा नसे. त्याच्या मागें हजारों माणसें, त्यांचीं कुटुंबें, भाऊबंद, कारकून आणि सावकार असत. वतनाची गोष्ट आणखी निराळी. पाटिलकी-देशमुखी वंशपरंपरेची, ती गांवाला चिकटलेली. तें गांव उद्यां ज्याच्या अमलाखालीं जाईल त्याची मर्जी राखणें भाग. म्हणजे सरदारानें धनी बदलतांना एका तराजूंत आपला मान आणि दुसऱ्या तराजूंत एवढें सर्व बिऱ्हाड घालावें लागे. हा सौदा कोणी हौसेनें करीत नाहीं.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, म्हणून ह्या बाबतींत शास्त्र काय सांगतें तें पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. मनूनें ब्राह्मणास सेवावृत्ति निषिद्ध ठरवून तिला कुत्र्याच्या वृत्तीची उपमा दिली, ती सर्वांस ठाऊक आहे. मनूच्या ह्या उपमेनें पोट कोणाचेंच भरलें नाहीं. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याच्या अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत सेवकानें राजा कसा निवडावा, त्याच्याकडे कोणाच्या द्वारें जावें, आणि राजाची मर्जी फिरल्याचीं चिन्हें कोणतीं, ह्यांचें असें वर्णन आहे कीं वाचणारास हा मनुष्य कोठें तरी कचेरींत बसून लिहीत होता असें वाटावें. बोलणें न ऐकणें, आसन न देणें, मुद्रा व स्वर बदलणें, हीं सर्व चिन्हें त्यानें टिपलीं आहेत. राजा संपत्तीनें उणा असला तरी चालेल, परंतु स्वतः गुणहीन असलेल्यास सेवूं नये, हाही त्याचाच उपदेश.

त्याहून आमच्या विषयास उपयोगी असा भाग सातव्या अधिकरणांत आहे. धन्यास सोडून गेलेला व पुन्हा परत आलेला जो सेवक, त्यास कौटिल्य ‘गतागत’ म्हणतो व त्याचे चार प्रकार करतो : कारणानें गेला व कारणानें आला, कारणावांचून गेला व कारणावांचून आला, कारणानें गेला पण कारणावांचून आला, कारणावांचून गेला पण कारणानें आला. धन्याच्या दोषामुळें जो गेला व धन्याच्या गुणामुळें परतला, किंवा दुसऱ्याच्या गुणास भुलून गेला व त्याचे दोष पाहून परतला, त्याच्याशीं संधि करावा, तो विश्वासास पात्र. दोन्ही वेळां कारण नसलेला चंचल, त्यास थारा देऊं नये. दोन हजार वर्षांपूर्वीं हा विचार झाला होता, आणि आमचे आजचे लेखक मात्र चारी प्रकारांस एकच नांव देतात.

येथें एक स्वानुभव सांगण्याची परवानगी असावी. आम्हीं एकाच शाळेंत चौतीस वर्षें शिकविलें. पंचेचाळिशीच्या सुमारास एका दुसऱ्या संस्थेंत अर्ज केला होता. मुलाखतीस बसलेल्या गृहस्थांनीं पहिलाच प्रश्न विचारला कीं इतकीं वर्षें जेथें काढलीं तें ठिकाण आतां कां सोडतां? खरें कारण सांगावें तर धन्याची निंदा होते. न सांगावें तर आम्ही कौटिल्याच्या दुसऱ्या वर्गांत जाऊन बसतों. आम्ही कांहींतरी गुळमुळीत बोललों व परत आपल्या वर्गावर आलों. असो.

शहाजीराजांच्या पहिल्या पालटास कारण होतें कीं नाहीं? परमानंदाच्या शिवभारतांत तें दिलें आहे. हा ग्रंथ १९२७ मध्यें दिवेकरांनीं संपादून प्रसिद्ध केला, त्याला आतां शंभर वर्षें होत आलीं. कवि शिवाजीमहाराजांच्या पदरचा, त्यामुळें त्याचें माप एका बाजूस झुकतें धरलें पाहिजे. तरी खंडागळ्याच्या हत्तीवरून निजामशाहीच्या दरबाराबाहेर जो दंगा झाला, त्यांत जाधव व भोसले हे सोयरे एकमेकांवर कसे तुटून पडले, दत्ताजी जाधव व संभाजी भोसले कसे मारले गेले, हें तो लपवीत नाहीं. सासऱ्याच्या हातून जांवई जखमी होतो असा तो प्रसंग आहे. भातवडीच्या विजयानंतर मानपान व वांटणी ह्यांवरून चुलतभावांत वितुष्ट आलें आणि धन्यानें तें मिटविलें नाहीं. म्हणजे जाण्यास कारण होतें. परत येण्यासही होतें : १६२६ मध्यें मलिकंबर वारला, १६२७ मध्यें इब्राहीम आदिलशहा वारला, ज्याच्यामुळें जुनें घर सोडलें तो तेथें उरला नाहीं, आणि ज्याच्या गुणास भुलून नवें धरलें तोही गेला. कौटिल्याच्या कसोटीस हा गतागत पहिल्या वर्गाचा ठरतो.

परत येणें किती धोक्याचें असे तें मात्र जुन्या धन्यानेंच लौकर दाखवून दिलें. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाबाईसाहेबांचे वडील, १६२१ च्या सुमारास निजामशाही सोडून मोंगलांकडे गेले होते. तेही पुढें परत आले. १६२९ मध्यें दुसऱ्या मुर्तजा निजामशहानें त्यांस दौलताबादेस भेटीला बोलावून पुत्रपौत्रांसह कापून काढलें. भर दरबारांत, हातांत शस्त्र नसतां! एकदां सोडून गेलेला मनुष्य परत आला तरी त्याचें जाणें दप्तरांत कायम राहतें, एवढेंच ह्यावरून त्या वेळच्या प्रत्येक सरदारास कळलें असेल. शहाजीराजे १६३० मध्यें मोंगलांकडे गेले तें ह्या खुनानंतर. त्यास चंचलपणा म्हणणाराच्या सासऱ्याचा असा खून झाला नसावा.

मोंगलांनीं पंचहजारी मनसब, खिलत, नगारा, निशाण, हत्ती व दोन लक्ष रुपये दिले. आमच्या शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी चाकरी होती ती हीच. ती दोन वर्षें टिकली. मलिकंबराचा पुत्र फत्तेखान ह्यानें आपल्या धन्यास ठार करून मोंगलांशीं संधान बांधलें, तेव्हां शहाजीराजांस दिलेल्या जहागिरींतील महाल शहाजहानानें काढून फत्तेखानास परत केले. मनसब कागदावर तशीच राहिली, तिला पोसणारा मुलूख गेला. पगारपत्रकावर नांव आहे पण पगार नाहीं, ही स्थिति ज्यांस ठाऊक आहे त्यांस शहाजींनीं मोंगल कां सोडले हें निराळें समजावून सांगावयास नको.

१६३३ च्या जूनमध्यें दौलताबाद पडली आणि निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला. येथपर्यंत शहाजीराजांपुढें प्रश्न होता तो कोणाची चाकरी करावी हा. आतां ज्या घराण्याची चाकरी वडिलांनीं व आपण केली तें घराणेंच उरलें नाहीं. त्यांनीं जें केलें तें अपूर्व आहे. निजामशाही वंशांतील मुर्तजा नांवाचें एक मूल शोधून त्यास पेमगिरीवर तख्तावर बसविलें आणि त्याच्या नांवानें जुन्नर, संगमनेर, नाशीक, त्र्यंबक व उत्तर कोंकण एवढ्या मुलुखाचा कारभार चालविला. पुष्कळांनीं ह्यांत स्वराज्याचें बीज पाहिलें आहे. तें असेल. परंतु आम्हांस त्यांत आणखी एक साधी गोष्ट दिसते : धनी नाहींसा झाला तेव्हां ह्या पुरुषानें दुसऱ्याच्या दारीं जाण्याआधीं जुनें घर पुन्हा उभें करण्याचा तीन वर्षें प्रयत्न केला. ज्यास चंचल म्हणतात त्याचें हें वर्तन आहे काय?

शहाजहानास हें सहन होण्यासारखें नव्हतें. १६३६ च्या आरंभीं तो स्वतः दक्षिणेंत आला. विजापुरावर फौजा घालून त्यानें आदिलशहास तहास आणलें आणि मे महिन्यांत तह झाला. निजामशाहीचा मुलूख दोघांनीं वांटून घेतला. भीमेच्या दक्षिणेचा पुणें-सुपें प्रांत व उत्तर कोंकणांतील कल्याणचा भाग विजापूरकडे आला. आमच्या मतें ह्या तहाचें सर्वांत लक्षांत घेण्याजोगें कलम मुलुखाचें नाहीं, तें एका मनुष्यासंबंधींचें आहे. शहाजी भोसल्यानें जुन्नर, त्र्यंबक व इतर किल्ले मोंगलांच्या हवालीं केल्यावांचून आदिलशहानें त्यास चाकरीस ठेवूं नये. आणि किल्ले न दिल्यास त्यास विजापूरच्या हद्दींत पाऊलही ठेवूं देऊं नये. दक्षिणेंत चाकरी देणारे धनी तीन होते. त्यांतील एक मेला होता आणि उरलेल्या दोघांनीं ह्या माणसास कोणत्या अटीवर घ्यावयाचें हें आपसांत कागदावर ठरविलें. हें कलम वाचल्यावर ‘एका दरबारीं रुसले कीं दुसरा तयार’ ह्या समजुतीस कोठें जागा राहते तें आम्हांस दिसत नाहीं.

पुढचा पाठलाग अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशहानाम्यांत आहे. महाबतखानाचा पुत्र खानजमान जुन्नरकडून शहाजींच्या मागें लागला. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान तहाप्रमाणें त्याच्या मदतीस आला. शहाजीराजे घाट उतरून कोंकणांत गेले. पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला, तोही मिळाला नाहीं. पोर्तुगीजांचें त्या वेळीं वसई, ठाणें व चौल येथें बळकट ठाणें होतें. आमच्या कोलशेतसमोरची ही खाडी त्यांच्याच गलबतांची. पण मोंगलांचा रोष ओढवून घेऊन एका धनीहीन सरदारास जवळ करणें हें व्यापाऱ्याच्या हिशेबांत बसणारें नव्हतें. शेवटीं राजे माहुलीवर चढले, आणि गडाला वेढा पडला.

ह्या वेढ्यांतील वाटाघाटीच आमच्या मतें सर्व कथेचें मर्म आहेत. बादशहानाम्याप्रमाणें शहाजींनीं प्रथम मागणी केली ती बादशाही चाकरीची. चार वर्षांपूर्वीं जी स्वतः सोडली तीच. उत्तर आलें कीं जीव वांचवावयाचा असेल तर आदिलशहाशीं बोलणें करावें, कारण हुजूरचा हुकूम तसा आहे. म्हणजे एका धन्यानें दार लावलें आणि कोणत्या दारांतून आंत जावयाचें तेंही त्यानेंच दाखविलें. तेव्हां राजांनीं विजापूरकडे कौल मागितला, तो आला. मग अटी पुऱ्या कराव्या लागल्या. बाल मुर्तजा खानजमानाच्या स्वाधीन झाला व तोही ग्वाल्हेरीस गेला. जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, त्रिंगलवाडी व दुसरे किल्ले मोंगलांस मिळाले. जुन्नर देणें म्हणजे शिवनेरी देणें. सहा वर्षांपूर्वीं त्याच गडावर धाकट्या पुत्राचा जन्म झाला होता. हें सर्व दिल्यावर राजे रणदुल्लाखानाबरोबर विजापुरास निघाले. काल जो वेढा घालून बसला होता तोच आतां वरिष्ठ झाला.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं बादशहानामा हा जिंकणाराच्या पदरच्या लेखकाचा ग्रंथ. शत्रूनें आमच्या चाकरीची याचना केली असें लिहिण्यांत त्यास गोडी वाटणारच. आक्षेप योग्य आहे व आम्हींही प्रथम तसाच विचार केला होता. परंतु दरबारी लेखकास याचना रचावयाची असती तर तिच्या पुढें त्यानें बादशहाच्या क्षमेचें व औदार्याचें वर्णन जोडलें असतें. त्या पद्धतीचें वर्णन ह्या ग्रंथांत पानोपानीं आहे. येथें त्यानें नकार लिहिला आहे, आणि तो नकार मे महिन्याच्या तहाच्या कलमाशीं तंतोतंत जुळतो. म्हणून हा मजकूर आम्ही खरा धरतों. शिवाय शहाजीराजांनीं मोंगलांकडे प्रथम विचारणें ह्यांत हीनपणा कोणता? किल्ले तर मोंगलांसच द्यावयाचे होते. ज्यास किल्ले द्यावयाचे त्याच्याचकडे त्यांच्या मोबदल्यांत चाकरी मागणें हा सरळ व्यवहार झाला. तो व्यवहार मोंगलांनीं नाकारला, कारण त्यांस किल्ले फुकट मिळण्यासारखे होते.

मग शहाजींच्या पदरीं काय पडलें? पुणें. वर सांगितलेल्या वांटणींत भीमेच्या दक्षिणेचा प्रांत आदिलशहाकडे आला होता आणि राजांची पुण्याकडील जहागीर त्यांतच होती. मोंगलांनीं आपल्याकडे घेतलें असतें तर पुणें जाऊन दुसरीकडे कोठें तरी महाल मिळाले असते, व त्या महालांचें काय होतें तें १६३२ सालीं दिसलेंच होतें. विजापूरच्या चाकरींत पुणें राहिलें. तें पुणें त्या वेळीं पुणें म्हणण्यासारखें नव्हतें. थोड्याच वर्षांपूर्वीं आदिलशाही सरदार मुरार जगदेवानें तें जाळून उजाड केलें होतें. राख झालेला गांव, पण नांवावर. दादाजी कोंडदेवांनीं पुढें तेथें जी वस्ती बसविली तिची कथा येथें सांगत नाहीं. ती सर्वांस पाठ आहे. माहुलीवर ज्या चाकरीस नाइलाजानें कबूल व्हावें लागलें, तिच्यामुळेंच पुत्राच्या पायाखालीं पुण्याची जमीन राहिली, एवढेंच नमूद करतों.

आतां ‘चंचल’ ह्या शब्दाकडे पुन्हा वळूं. १६३६ पासून १६६४ पर्यंत, अठ्ठावीस वर्षें, शहाजीराजे आदिलशाहींतच राहिले. (आमच्या शेजाऱ्याचीही अठ्ठावीसच भरलीं, हा योगायोग.) रणदुल्लाखानाबरोबर ते कर्नाटकांत गेले, १६३८ मध्यें केंपगौडाकडून बेंगळूर घेतलें व तेथेंच त्यांचें ठाणें झालें. जयराम पिंड्याच्या राधामाधवविलासचंपूंत त्या दरबाराचें जें वैभव दिसतें, अनेक भाषांचे कवि, पंडित, कलावंत, तें पाहून कै. राजवाड्यांस इतका आनंद झाला कीं त्यांनीं १९२२ मध्यें त्या लहानशा चंपूस ग्रंथाहून मोठी प्रस्तावना जोडली. परंतु वैभवाच्या मध्यभागीं २५ जुलै १६४८ ही तिथि आहे. त्या दिवशीं जिंजीच्या छावणींत मुस्तफाखानाच्या हुकुमानें बाजी घोरपड्यांनीं त्यांस पहाटेच्या वेळीं कैद केलें. बारा वर्षांच्या सेवेनंतर बेड्या! १६४९ च्या मे महिन्यांत सुटका झाली ती कोंढाणा व बेंगळूर देण्याच्या बोलीवर. आणि सुटल्यावर राजे पुन्हा त्याच चाकरीवर रुजू झाले.

कां झाले? बारा वर्षांपूर्वींचा मनुष्य असता तर निघून गेला असता. पण आतां जावयाचें कोठें? निजामशाही नव्हती, मोंगलांचें उत्तर माहुलीवर मिळालेलें होतें, कुतुबशाही विजापूरशीं कर्नाटकांतील मुलुखाच्या भाऊवांटणींत गुंतलेली. पन्नाशी उलटली होती. पुढें अली आदिलशहाच्या कारकीर्दीच्या आरंभीं त्यांनीं लिहिलेलें म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा कीं आपण राजपूत, आजवर अनेक पातशाह्यांची सेवा केली, परंतु अपमान व अवकृपा सोसून कोठेंही राहिलों नाहीं व आतांही राहणार नाहीं. हें पत्र सामान्यतः त्यांच्या स्वाभिमानाचें उदाहरण म्हणून दाखवितात. तसें तें आहेच. आम्हांस त्यांत आणखी एक स्वर ऐकूं येतो. जो खरोखर निघून जावयास मोकळा असतो तो असें पत्र लिहीत नाहीं, तो निघून जातो. सोडून जाण्याचा धाक घालणारें पत्र लिहून त्याच जागीं राहणारा चाकर आम्हीं पुष्कळ पाहिला आहे. आमच्या पेटींत अशा पत्रांचे दोन मसुदे अद्याप असतील. २३ जानेवारी १६६४ रोजीं बसवापट्टणाजवळ होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला, तेव्हां ते आदिलशाहीचेच सरदार होते.

ह्याच प्रदेशांतील आणखी एक उदाहरण थोडक्यांत देतों, कारण तें सहसा कोणी ह्या संबंधांत आठवीत नाहीं. १६३६ च्या तहानें विजापूरकडे आलेला कल्याणचा प्रांत पुढें नवाइत घराण्यांतील मुल्ला अहमद ह्याच्या जहागिरींत होता. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली व मुल्ला अहमदाची जहागीर गेली. तो विजापूरचा पहिल्या प्रतीचा मुत्सद्दी. तरी त्याचें तेथें जमेना. १६६५ मध्यें मिर्झा राजा जयसिंग दक्षिणेंत आला असतां वकिलीच्या निमित्तानें मुल्ला अहमद त्याच्या छावणींत गेला आणि तेथून परतलाच नाहीं. मोंगलांनीं त्यास सहाहजारी मनसब दिली, शहाजींस मिळाली होती तिच्याहून वरचढ. उतारवयांत धनी बदलून एवढें पद मिळविणारा दुसरा मनुष्य दाखविणें कठीण. तो बादशहाच्या दरबारास जावयास निघाला व वाटेंत अहमदनगर येथें वारला. मनसबीची सनद हातीं आली, चाकरी घडली नाहीं.

नेतोजी पालकरांची कथा सर्वश्रुत आहे. १६६६ मध्यें ते महाराजांस सोडून विजापूरकडे व तेथून मोंगलांकडे गेले, पुढें कैद, धर्मांतर, काबूलकडील नेमणूक, आणि १६७६ मध्यें परत येऊन शुद्धि. ह्या एकाच उदाहरणांत धन्यानें गतागतास परत घेतलें, आणि कौटिल्यास जें अभिप्रेत होतें तें प्रत्यक्षांत आणलें. जाधवरावांस दौलताबादेस जें मिळालें त्याच्याशेजारीं हें ठेवून पाहावें.

राहतां राहिली माहुली. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले त्यांत ती होती. पिता जो गड देऊन उतरला होता तोच पुत्रास द्यावा लागला. १६७० मध्यें ती परत घेतली गेली. आज आसनगांव स्थानकाहून पायथ्यापर्यंत सहज जातां येतें; वर तटाचे कांहीं भाग, दरवाजाचे अवशेष व पाण्याचीं टांकीं आहेत. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही त्या शेजाऱ्यास घेऊन तेथें गेलों होतों. गुडघ्यांमुळें आम्ही पायथ्याच्या देवळाशींच बसलों, तो वर जाऊन आला. वरील बहुतेक मजकूर आम्हीं त्यास परतीच्या गाडींत सांगितला. त्यानें तो लक्षपूर्वक ऐकला व मधेंच विचारलें कीं रणदुल्लाखान मागाहून राजांशीं कसा वागला. चांगला वागला, असें आम्हीं सांगितलें. दोघांचा स्नेह शेवटपर्यंत राहिला.

त्यानंतर दोन महिन्यांनीं त्यास भिवंडीच्या एका गुदामांत मालाच्या नोंदीचें काम मिळालें. पगार पूर्वीच्या निम्मा आहे आणि त्याचा वरचा अधिकारी त्याच्या मुलाच्या वयाचा आहे. जाण्यायेण्यांत तीन तास जातात, त्यामुळें तो आतां संध्याकाळीं येत नाहीं, रविवारीं येतो.